साळवे सिस्टरची मेथी

२१ एप्रिल २०२०, मंगळवार, सकाळी साडेदहा. पंधराशे युनिट. हजर: मी, पत्नी अनघा, मुलगी सई (वय अकरा, वजन अडतीस किलो) आणि साळवे सिस्टर.

माझ्या वहीतली ही नोंद आहे. युनिट विजेची नव्हेत, औषधाची. मी आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातल्या एका कंपनीत पगारपत्रकं बघतो. त्या वर्षी साथीमुळे हे काम पोर्टलीश गावातल्या आमच्या घरात, वरच्या खोलीत आलं होतं. आकडे लिहून ठेवायची सवय जुनी आहे आणि एकदा ती उपयोगी पडली आहे, म्हणून सोडवत नाही.

सईला फॅक्टर तेराची कमतरता आहे. रक्त गोठायला शरीरात जे घटक एकामागून एक कामाला लागतात, त्यांतला हा शेवटचा. तो नसला तरी जखमेवर गाठ धरते, रक्त थांबतं, बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. पण ती गाठ पक्की होत नाही. दिवस-दीड दिवसानं सुटते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. पुण्यात सईची नाळ पडली तेव्हा अकरा दिवस थेंब थेंब रक्त येत राहिलं. तीन डॉक्टरांनी तीन मलमं दिली. आजाराचं नाव कळलं ते चार वर्षांनी, डब्लिनला. तिथल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, नाळेतून किती दिवस रक्त येत होतं? मी वही काढून 'अकरा' म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि मग योग्य ती तपासणी लिहून दिली.

तेव्हापासून दर अठ्ठावीस दिवसांनी डब्लिनला जाऊन शिरेतून औषध. मार्च २०२० मध्ये दवाखान्यानं कळवलं की आता इकडे येऊ नका, परिचारिका घरी येईल, आणि हळूहळू तुम्हीच शिकून घ्या. सोबत परिचारिकेचं नाव होतं: रूथ साळवे.

त्या दिवशी मी दवाखान्याला एक ईमेल लिहिली. शक्य असल्यास भारतीय नसलेली परिचारिका मिळावी, अशी. कारण दिलं की इथला मराठी समाज लहान आहे, मुलीच्या आजाराची वाच्यता होऊ नये अशी आमची इच्छा आहे. हे कारण खरं होतं. पुण्यात माझ्या आईलासुद्धा आम्ही कॅल्शियमचं इंजेक्शन म्हणून सांगत होतो. दुसरं कारण मी लिहिलं नाही. ते आडनाव वाचून माझ्या मनानं जातीचा रकाना आपोआप भरला होता. तेव्हा ते कुठेच लिहिलं नाही, म्हणून आता इथे लिहितो.

उत्तर आलं: दुसरं कोणी उपलब्ध नाही.

तर त्या आल्या. निळा एप्रन, मास्क, वर प्लास्टिकची ढाल. वय साठीच्या आत-बाहेर, उंची बेताची, चालताना उजवा गुडघा जपत. चेहऱ्याचे फक्त डोळे दिसत होते. पुढचे चौदा महिने तेवढेच दिसले.

"मराठीच ना?" त्या दारातूनच म्हणाल्या. "यादीत नाव वाचलं तव्हाच म्हटलं. मी नगरची."

अनघानं माझ्याकडे पाहिलं.

"घाबरू नका ओ. मी बोलते फार, पण सांगत न्हाई काही." मग आम्हाला तिथेच सोडून त्या सईकडे वळल्या. "काय बाई, कोणता हात देतेस?"

सात वर्षांत हा प्रश्न सईला कोणी विचारला नव्हता. हात आम्ही धरायचो. सई इथल्या मुलांसारखी, मराठी समजते पण उत्तर इंग्रजीत. "लेफ्ट," ती म्हणाली.

"डावा म्हण. सुई नगरची आहे, तिला इंग्लिश कळत न्हाई."

सई हसली. सुई बसलेली तिला नंतर कळली.

औषध दोन बाटल्यांत भुकटीच्या रूपात येतं, त्यात पाणी घालून विरघळवायचं. मी बाटली उचलून खळखळवायला गेलो तसा त्यांनी माझा हात धरला. "हलवायचं न्हाई, डुलवायचं. फेस आला का औषध गेलं." आणि बाटली दोन बोटांत धरून त्या अशा संथ फिरवू लागल्या की जणू दिवसभरात दुसरं कामच नाही. प्रत्यक्षात आमच्यानंतर त्यांना चार घरं होती आणि आदल्या आठवड्यात त्यांनी एका वृद्धाश्रमात पाच रात्री काढल्या होत्या. हे त्यांनी सांगितलं नाही. खुर्चीवर बसताना टेबलाची कड ज्या तऱ्हेनं धरली त्यावरून मी विचारलं, तेव्हा कळलं.

चोवीस मिलिलिटर, मिनिटाला चार, म्हणजे सहा मिनिटं. त्या सहा मिनिटांत सईनं त्यांना शाळेतल्या आयरिशचा एक शब्द शिकवायचा, असा त्यांनी पहिल्याच दिवशी ठराव केला. "अठरा वर्षं झाली या देशात. पाट्या वाचते, कळत काही न्हाई. फुकट शिकवणारी आज भेटली." सईनं पहिल्याच दिवशी 'मी थकले' कसं म्हणतात ते सांगितलं: ता तुर्शा ओरम. शब्दशः अर्थ, थकवा माझ्यावर आहे.

"माझ्यावर आहे व्हय?" सिस्टर म्हणाल्या. "हे बरंय. म्हणजे कुठंतरी उतरवून ठेवता येईल."

मग दर खेपेला दारातून सई ओरडून विचारायची, "सिस्टर, उतरला का?" आणि त्या म्हणायच्या, "न्हाई अजून. जागा शोधतीये."

मे महिन्यापासून माझं शिक्षण सुरू झालं. घरात कमीत कमी वेळ थांबायचा नियम होता, म्हणून त्या मागच्या बागेत, काचेच्या सरकत्या दारापलीकडे उभ्या राहायच्या आणि आम्ही आत. पाऊस असला की अंगावर रेनकोट आणि हातात आमचीच छत्री. मी पायऱ्या लिहून काढल्या होत्या, एकूण बावीस. कागद काचेला चिकटवून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला.

"छान आहे. तेविसावी राहिली. आधी स्वतःला टोचा."

नुसतं मिठाचं पाणी, माझीच शीर. तीन वेळा चुकलं, चौथ्यांदा बसलं. काचेपलीकडून त्यांनी अंगठा दाखवला. पण जूनमध्ये सईचा हात पुढे आला तेव्हा माझी बोटं थरथरू लागली. आकड्यात सांगायचं तर सुईचं टोक दोन मिलिमीटर इकडेतिकडे होत होतं. शीर दिसत होती, मला जमत नव्हतं. सई माझ्याकडे न बघता काचेकडे बघत होती.

सिस्टर आत आल्या, हात धुतले, हातमोजे घातले, सुई बसवली. जाताना फाटकाशी थांबल्या.

"साहेब, वाईट वाटून घेऊ नका. बापाचा हात हलतोच. ज्याची शीर त्याचाच हात हलत न्हाई. पुढल्या टायमाला पोरीला शिकवते."

"अकरा वर्षांची आहे ती."

"आजार काय अठराव्या वर्षी सुरू होणार होता?"

जुलैत त्यांनी सईला शिकवायला घेतलं. आधी रबराची नळी, मग माझा हात. माझ्या डाव्या कोपराखाली अजून एक बारीक डाग आहे, तो सईच्या पहिल्या यशाचा.

ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यासह तीन जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या. नऊ तारखेला, रविवारी, सई आमच्याच वसाहतीतल्या मैत्रिणीकडे तिच्या बागेतल्या ट्रॅम्पोलिनवर उड्या मारत होती. पडली, दातांखाली जीभ आली. वेळ दुपारी तीन वीस. मैत्रिणीच्या आईनं बर्फाची कांडी चोखायला दिली आणि घरी आणून सोडली. "शी'ज ग्रँड," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे. सईपण म्हणाली, "आयम ग्रँड, बाबा." रक्त सात मिनिटांत थांबलं होतं. मी वहीत लिहिलं: जीभ, किरकोळ, थांबलं. त्याखाली रेघ मारली.

रक्त थांबलं तरी छत्तीस तास लक्ष ठेवायचं, हा नियम मला माहीत होता. आधीच्या डोसनंतरचा तो सव्विसावा दिवस होता, म्हणजे औषधाची पातळी सगळ्यात खाली, तेही माहीत होतं. तरी मी फोन केला नाही. सीमा बंद आहेत, दवाखान्यात साथ आहे, परवा डोस आहेच, अशी गणितं घातली. खरं कारण वेगळं होतं. फोन केला असता तर दवाखान्यानं बोलावलं असतं आणि मैत्रिणीच्या आईला कुठेतरी काहीतरी सांगावं लागलं असतं.

सोमवारी संध्याकाळी सहा वाजता, सत्ताविसाव्या तासाला, सईनं जेवताना तोंडावर हात धरला. हात काढला तर तळवा लाल. दुपारपासून येत होतं. ती गिळत होती. "आय डिडन्ट वॉन्ट टू मेक अ फस," ती म्हणाली. हे ती आमच्याकडूनच शिकली होती.

फोन केल्यावर सिस्टर चाळीस मिनिटांत आल्या. वाटेत पोलिसांच्या नाक्यावर थांबवलं होतं. डोस एक दिवस आधी दिला, जिभेवर औषधाच्या पाण्यात भिजवलेला बोळा ठेवला, दवाखान्याशी फोनवर बोलल्या. रक्त थांबल्यावर माझी वही मागितली. रविवारची नोंद वाचली, खालची रेघ बोटानं दाखवली.

"ही रेघ कुणी मारली?"

"मी."

"किती तासांनी?"

"दोन."

"छत्तीस तास व्हायच्या आत रेघ मारायची न्हाई. लिहून घ्या." मी लिहून घेतलं. "त्या पोरीच्या आईला माहीत होतं?"

"नाही."

"कुणाकुणाला माहीत आहे?"

"आम्ही तिघं, दवाखाना आणि तुम्ही."

त्यांनी बोटं मोजली. "पाच. आन् शाळा?"

"अशक्तपणा आहे, रक्त थोडं कमी आहे, असं सांगितलंय," अनघा म्हणाली. आणि मग, इतक्या महिन्यांत प्रथमच, तिचा आवाज चढला. "सिस्टर, मुलीची जात आहे. आज सांगायला सोपं, उद्या लग्नाच्या वेळी कोण दारात उभं राहील?"

"ताई, लग्नापर्यंत पोचवायची आहे ना आधी?"

अनघा रडायला लागली. सिस्टरांनी तिला थोपटलं नाही, तसा नियमच होता, दोन मीटर. त्या नुसत्या उभ्या राहिल्या, बराच वेळ, दुखरा गुडघा दारच्या चौकटीला टेकवून. मग म्हणाल्या, "लपवलेलं रक्त जास्त वाहतं ओ. मी बघितलंय." कुठे बघितलं ते आम्ही विचारलं नाही.

त्या दिवसापासून आमचा मंगळवारचा सोमवार झाला.

यानंतरची गोष्ट मेथीची. गणपतीच्या सुमारास मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीतरी सहज विचारलं की साळवे सिस्टरची गाडी तुमच्या दारात दिसली, सगळं बरं आहे ना? मी उत्तर जुळवतोय तोवर गटावर सिस्टरांचाच निरोप आला: "त्यांना माझ्याकडची मेथी देते."

सात सप्टेंबरला त्या आल्या तेव्हा औषधाच्या पेटीसोबत वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेथीची जुडी होती. ती त्यांनी फाटकाजवळच्या भिंतीवर ठेवली.

"हे काय, सिस्टर?"

"तुमच्यापायी खोटं बोलले. आता ते खरं करायला खिडकीत कुंड्या लावल्या. माझ्या आईनं सांगितलंय, खोटं बोललीस तर रात्रीच्या आत खरं करून टाक. मेथीला वेळ लागतो, देव समजून घेईल."

त्यानंतर दर खेपेला मेथी. ऑक्टोबरात चांगली दाट, डिसेंबरात जेमतेम दहा काड्या, ऊन नाही म्हणून पिवळ्या पडलेल्या. पण आणायच्या. आमच्याकडे चहा त्यांनी एकदाही घेतला नाही, साथीमुळे. दुपारची चपाती-भाजी गाडीत बसून, आमच्याकडे पाठ करून खायच्या. नाताळात अनघानं भेटवस्तू पुढे केली तर म्हणाल्या, नोकरीत चालत न्हाई. "द्यायचंच असेल तर शाळेला पत्र द्या. खरं लिहिलेलं." हे त्या दर महिन्याला म्हणायच्या, न चिडता, दार बंद करून घ्या म्हणावं तशा. मी 'हो' म्हणायचो. नोव्हेंबरात मसुदा केला, तीन ओळींचा. आजाराचं नाव त्यात नव्हतं.

जानेवारी २०२१. इथली तिसरी लाट, शाळा बंद, सिस्टरांच्या आवाजात खोकल्यासारखा कोरडेपणा. वीस तारखेला, बुधवारी, सई माझ्या वरच्या खोलीत आली आणि एक छोटी वही टेबलावर ठेवून उभी राहिली. तिच्या अक्षरात रकाने होते: तारीख, वेळ, किती पॅड, किती भरलं. दीड दिवसाच्या नोंदी. सगळं इंग्रजीत. वर मराठीत एकच ओळ, चुकतमाकत लिहिलेली: बाबांना दाखव.

तिची पाळी सुरू झाली होती. तिनं आईला नाही, मला नाही, साळवे सिस्टरांना फोन केला होता.

नंतर कळलं ते असं. सिस्टर तिला म्हणाल्या होत्या, "मी कुणाला सांगणार न्हाई. तू सांग. तोंडानं जमत नसेल तर तुझ्या बापाला कळेल अशा भाषेत लिही. त्याला आकडे कळतात." रक्त थांबवणाऱ्या गोळ्या घरात होत्याच, दवाखान्यानं त्या चालू करायला सांगितल्या. त्यानंतर आणखी पाच दिवस सईनं वही भरली. पाचव्या दिवशी, सोमवारी, डोस होता. वजन आता त्रेचाळीस, म्हणून औषध साडेसतराशे. सुई सईनं स्वतः बसवली, पहिल्याच खेपेला. मी फक्त घड्याळ धरलं होतं. सिस्टर काचेपलीकडे पावसात उभ्या होत्या आणि त्यांनी अंगठा दाखवला नाही. डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं प्रार्थना करतायत. सई म्हणाली, "बाबा, शी'ज अस्लीप." उभ्या उभ्या त्यांचा डोळा लागला होता.

पंधरा मार्चला सईच्या वर्गाची शाळा पुन्हा उघडणार होती. त्याआधी मी पत्र लिहिलं. दीड पान. आजाराचं नाव, छत्तीस तासांचा नियम, कोणाला फोन करायचा, काय करायचं नाही. ट्रॅम्पोलिनवाल्या मैत्रिणीच्या आईला त्याची प्रत मी स्वतः जाऊन दिली. तिनं दारात उभं राहून वाचलं आणि म्हणाली, "गॉड, व्हाय डिड यू नॉट टेल मी?" मग माझ्या आईला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, "अकरा दिवस. मला तेव्हाच वाटलं होतं." मंडळाच्या गटावर अनघानं लिहिलं, चार ओळी. सात जणांनी फोन केले. बाकीच्यांनी हात जोडले. आभाळ कोसळलं नाही.

सतरा मे हा शेवटचा सोमवार. सिस्टरांना लसीकरणावर पाठवणार होते, आणि सईला आता घरी कोणी यायची गरज नव्हती. त्यांनी घरची फाइल माझ्या हाती दिली. मेथीची जुडी भिंतीवर ठेवली. सई म्हणाली, "उतरला का, सिस्टर?" त्या म्हणाल्या, "थोडा तुमच्या भिंतीवर ठेवून चालले."

त्या गेल्यावर मी फाइल तपासली, पानं क्रमवार आहेत का ते बघायला. होती. सगळ्यात खाली, पहिलं पान म्हणून, माझी मार्चमधली ईमेल छापून लावलेली होती. भारतीय नसलेली परिचारिका मिळावी. वरच्या कोपऱ्यात त्यांच्या अक्षरात तारीख, सोळा एप्रिल. म्हणजे आमच्या दारात 'मराठीच ना?' म्हणाल्या त्याच्या पाच दिवस आधी त्यांनी ती वाचली होती. न लिहिलेलं कारणही त्यांना वाचता आलं असणार. नगरच्या बाईला तेवढं वाचता येतं. पान मुद्दाम ठेवलं की क्रमाचं म्हणून राहू दिलं, हे मला ठरवता आलेलं नाही.

जूनच्या शेवटी माझा लसीचा नंबर आला. गावातल्या एका हॉटेलच्या हॉलात, पडदे लावून केलेल्या अठरा खोल्या. मी सातव्या खोलीत गेलो आणि तेच डोळे.

"बसा साहेब. सई?"

"स्वतः घेते. एकदाही चुकलं नाही." मग मी म्हणालो, "सिस्टर, ती ईमेल..."

"डावा का उजवा?"

"डावा. सिस्टर, मला म्हणायचं होतं की..."

"हात सैल सोडा." सुई कधी लागली कळलं नाही. कापूस दाबत त्या म्हणाल्या, "आता मेथीचं काही काम न्हाई ना?"

"नाही. सगळ्यांना सांगितलं."

"मंग झालं की." आणि पडद्याकडे बघून, दमलेल्या आवाजात, "नेक्स्ट, प्लीज."

पंधरा मिनिटं बाहेर बसायचा नियम होता. मी बसलो, मग गाडीकडे गेलो. त्या तिथे कामाला आहेत हे मला आधीच कळलं होतं. मार्चपासून अनघानं आमच्या खिडकीत कुंड्या लावल्या होत्या. सकाळी कापलेली जुडी वर्तमानपत्रात गुंडाळून मी सोबत आणली होती. ती त्यांच्या गाडीच्या वायपरखाली ठेवली आणि माझ्या गाडीत जाऊन बसलो.

एक वाजता त्या जेवणाच्या सुट्टीत बाहेर आल्या. जुडी पाहिली, इकडेतिकडे पाहिलं, कागद सोडला. मग वास घ्यायला मास्क खाली ओढला. नाकाखालचा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला. मी कल्पिला होता त्याहून खूप म्हातारा, समोरचा एक दात नसलेला. त्या गाडीला टेकून, डोळे मिटून, मेथीत नाक खुपसून उभ्या होत्या. मी गाडी सुरू केली नाही. आवाजानं त्या जाग्या व्हायला नकोत.

नोंद पुरी करतो. एकूण डोस पंधरा, तेवीस हजार सातशे पन्नास युनिट. शाळेला पत्र एक, दीड पान, सहीसकट. साळवे सिस्टरकडून आलेल्या मेथीच्या जुड्या दहा. त्यांना चुकती केलेली, एक. बाकी नऊ.